भ्रमणध्वनीवरील आंतरजाल : नियमसंहितांचा इतिहास

आंतरजालावरील मजकूर, चित्रे व अन्य माहिती तारजोडणीवाचून, केवळ रेडिओ तरंगांच्या साहाय्याने भ्रमणध्वनीच्या संचावर आणावयाची झाल्यास वाटेतील प्रत्येक यंत्राला काही नियम पाळावे लागतात. संदेश केवढ्या तुकड्यांत तोडावा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता कसा लिहावा, तुकडा वाटेत गहाळ झाल्यास कोणी कोणास कळवावे, अक्षरे कोणत्या अंकांनी दर्शवावीत, हे सर्व आधी ठरलेले असावे लागते. अशा नियमांच्या समुच्चयास नियमसंहिता किंवा रूढ शब्दात प्रोटोकॉल म्हणतात. या संहिता अमूर्त असल्या, तरी संदेशाचा खर्च, त्याची गुप्तता आणि तो कोणत्या लिपीत वाचता येईल या तिन्ही गोष्टी त्यांतच ठरून जातात. महाराष्ट्रातील भ्रमणध्वनीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

मुंबई हे समुद्रतारायंत्राच्या काळापासून भारताचे संदेशद्वार आहे. १८७० मध्ये सुएझ व एडनमार्गे आलेल्या समुद्रतारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. १९२७ मध्ये लघुतरंगांवर चालणारी भारत–इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्राही केंद्र दौंड येथे होते. संगणकांच्या परस्परसंवादाचा आरंभही येथेच झाला. १९८६–८७ च्या सुमारास एर्नेट या शैक्षणिक जालाच्या उभारणीत मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व भारतीय तंत्रविज्ञान संस्था (आय. आय. टी.) या संस्थांचा प्रमुख भाग होता. सामान्य ग्राहकांस आंतरजाल मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. ही सेवा विदेश संचार निगम लिमिटेड या मुंबईस्थित सरकारी कंपनीने दिली. त्याच वर्षी मुंबईत भ्रमणध्वनी सेवाही सुरू झाली. त्या वेळी बोलण्याचा दर मिनिटास सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या संभाषणाचेही पैसे ग्राहकास द्यावे लागत. ही दुसरी आकारणी २००३ मध्ये बंद झाली. मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे एक स्वतंत्र सेवामंडल करण्यात आले होते. नागपूर त्यातच मोडते. तेथे सेवा एक-दोन वर्षे उशिरा पोहोचली.

आंतरजाल आणि भ्रमणध्वनी या दोन गोष्टी एकाच वर्षी भारतात आल्या, तरी त्या एकमेकींसाठी बनविलेल्या नव्हत्या. आंतरजालाची मूळ संहिता (टी. सी. पी.) व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली व १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट या जालात ती सक्तीची झाली. तीत संदेशाचे लहान खंड (पॅकेट) पाडून प्रत्येक खंड स्वतंत्रपणे पाठविला जातो व पोच न आल्यास तो पुन्हा पाठविला जातो. खंड हरवला, म्हणजे वाटेत गर्दी झाली असावी, असे ही संहिता गृहीत धरते व प्रेषणाचा वेग कमी करते. तारांच्या जालात हे अनुमान बहुधा बरोबर ठरते. परंतु रेडिओ तरंगांच्या बाबतीत खंड हरवतात ते मुख्यत्वे तरंगांच्या क्षीणनामुळे. एखादी इमारत आड आली, ग्राहक वेगाने जाणाऱ्या गाडीत असला, शेजारच्या सेलमधील तरंगांची बाधा झाली, तरी खंड नष्ट होतो. अशा वेळी वेग कमी करणे हा चुकीचा उपाय होय; खंड त्वरित पुन्हा पाठविणे हाच योग्य. म्हणजे तारेसाठी केलेला नियम हवेत नेल्यास तो विनाकारण मंदगती होतो.

दुसरी अडचण जी. एस. एम. या भ्रमणध्वनी पद्धतीची होती. ही पद्धती आवाजासाठी रचलेली होती. तीत २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या प्रत्येक मार्गिकेचे कालदृष्ट्या आठ भाग पाडतात व बोलणाऱ्या प्रत्येकास एक भाग मिळतो. त्या एका भागातून माहिती पाठविल्यास वेग सेकंदास ९,६०० बिट एवढाच मिळे. शिवाय ही जोडणी संभाषणासारखीच, म्हणजे पूर्ण मंडल बांधून ठेवणारी होती. ग्राहक पडद्यावरील चार ओळी वाचत बसला, तरी मार्गिका त्याच्यासाठी अडकून राही आणि मिनिटांचे बिल चढत जाई.

संचाच्या मर्यादा याहून कडक होत्या. पडदा काळा-पांढरा व पाच-सहा ओळींचा, स्मृती काही हजार बाइटांची, विद्युत् घट लहान आणि लिहिण्यासाठी बारा कळा. संगणकासाठी रचलेले जालपृष्ठ अशा संचाला पेलणे शक्यच नव्हते.

वॅपची रचना : या अडचणींवर तोड काढण्यासाठी एरिक्सन, नोकिया, मोटोरोला व अन्‌वायर्ड प्लॅनेट या चार कंपन्यांनी जून १९९७ मध्ये वॅप फोरम ही संस्था स्थापिली. त्यापूर्वी यांपैकी काहींनी आपापल्या वेगवेगळ्या संहिता काढल्या होत्या. कॅलिफोर्नियातील अन्‌वायर्ड प्लॅनेटची लहान पडद्यासाठी केलेली पृष्ठभाषा त्यांत महत्त्वाची होती. एकच संहिता असावी या विचाराने वायरलेस ॲप्लिकेशन प्रोटोकॉल, म्हणजे वॅप, तयार झाला. त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वापरणारा नोकिया ७११० हा संच १९९९ च्या अखेरीस बाजारात आला.

वॅपची मुख्य कल्पना द्वार-संगणकाची होय. नागपूरजवळील कोराडी येथे असलेल्या एका ग्राहकाने आपल्या संचावर एखाद्या पृष्ठाचा पत्ता मागितला, असे समजू. त्याची मागणी रेडिओ तरंगांवरून जवळच्या मनोऱ्याकडे, तेथून नियंत्रण केंद्राकडे व मग सेवा देणाऱ्या कंपनीच्या द्वार-संगणकाकडे जाते. येथवरचा प्रवास वॅपच्या संहितेने होतो. द्वार-संगणक ती मागणी आंतरजालाच्या नेहमीच्या भाषेत बदलतो आणि पुढे पाठवितो. ते पृष्ठ परदेशातील संगणकावर असेल, तर ती मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्रतारांतून जाते. उत्तर आल्यावर द्वार-संगणक त्यातील मोठमोठ्या शब्दखुणांच्या जागी एकेका बाइटाचे संकेत घालतो व आवळलेला मजकूर संचाकडे धाडतो. जड काम द्वार-संगणकाकडे आणि हलके संचाकडे, अशी ही वाटणी होती.

पृष्ठाची कल्पनाही बदलण्यात आली. वॅपच्या पृष्ठभाषेत मजकूर एकेका पत्त्यावर लिहिलेला असतो व अशा अनेक पत्त्यांचा कॅट एकदम संचावर उतरतो. कळ दाबली, की दुसरा पत्ता समोर येतो. त्यासाठी पुन्हा जोडणी करावी लागत नाही. नोकिया ७११० मध्ये एका कॅटाची कमाल मर्यादा सुमारे १,४०० बाइट होती. मागणी व उत्तर यांची देवाणघेवाणही टी. सी. पी. पेक्षा कमी खंडांत आटोपेल अशी योजना होती आणि संपर्क तुटल्यास सत्र तात्पुरते स्थगित करून नंतर पुढे चालू ठेवता येत असे.

मुंबईतील कंपन्यांनी २००० साली वॅप सेवा देऊ केली. तिच्या आगमनाचा गाजावाजा मोठा झाला. प्रत्यक्षात तिचा वापर फारच थोडा झाला. जोडणी होण्यास अर्धा मिनिट लागे, ती मध्येच तुटे, पडद्यावर चार ओळी दिसत आणि बिल मात्र बोलण्याच्या दराने येई. वॅप या इंग्रजी अद्याक्षरांचा ‘थांबा आणि पैसे भरा’ असा विनोदी विस्तार त्या काळी पाश्चात्त्य देशांत प्रचलित झाला होता.

अपयशाचे कारण सामान्यतः मंद वेग हे सांगितले जाते. ते पुरेसे वाटत नाही. जपानमधील एन. टी. टी. डोकोमो या कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी आय-मोड ही सेवा सुरू केली. तिचाही वेग सेकंदास ९,६०० बिटच होता. परंतु ती खंडवहन पद्धतीची असल्याने संच सतत जोडलेला राही व आकारणी वेळेवर न होता दर १२८ बाइटांस ठराविक अल्प रक्कम अशी होई. मजकूर पुरविणाऱ्यांकडून कंपनी केवळ ९ टक्के दलाली घेई. थोड्याच वर्षांत कोट्यवधी जपानी ग्राहक ती वापरू लागले. वेग तोच असता निकाल उलट लागला, यावरून आकारणीची पद्धती व मजकूर पुरविणाऱ्याचा वाटा या गोष्टी रेडिओतंत्राइतक्याच निर्णायक होत्या, हे दिसून येते. भारतात या दोन्ही बाबतींत ग्राहक व मजकूर पुरविणारा यांची बाजू बराच काळ दुबळी राहिली. संगीत, चित्रे व क्रिकेटचे धावफलक कंपनीच्या स्वतःच्या यादीतून विकले जात व त्या यादीत ज्यास स्थान नाही त्याचे पृष्ठ ग्राहकास सापडणे दुरापास्त होते. द्वार ज्याच्या हाती त्याच्याकडे वाटा, असा हा व्यवहार होता. हाच प्रश्न पुढे निराळ्या रूपाने उभा राहिला. काही निवडक संकेतस्थळे विनामूल्य व बाकीची सशुल्क, अशी योजना पुढे आली, तेव्हा मजकुरानुसार वेगळा दर लावण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी बंदी घातली.

देवनागरीचा प्रश्न : मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग लिपीचा आहे. आंतरजालाआधी भ्रमणध्वनीवर मजकूर आला तो लघुसंदेशाच्या (एस. एम. एस.) रूपाने. डिसेंबर १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला लघुसंदेश पाठविण्यात आला. या सेवेची युक्ती अशी, की संभाषण जुळविण्यासाठी जी नियंत्रण-मार्गिका असते तिच्यातील मोकळ्या जागेत मजकूर बसवावयाचा. ही जागा १४० बाइटांची, म्हणजे १,१२० बिटांची आहे. रोमन अक्षरासाठी ७ बिट पुरतात, म्हणून एका संदेशात १६० अक्षरे मावतात. १६० अक्षरे माणसाच्या एका निरोपाला पुरेशी आहेत, असा अंदाज जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी १९८५ च्या सुमारास बांधला होता. तो अर्थातच रोमन लिपीतील निरोपांवरून बांधलेला होता.

देवनागरी अक्षरे त्या ७ बिटांच्या तक्त्यात नाहीत. ती पाठवावयाची झाल्यास प्रत्येक चिन्हास १६ बिट देणारी पद्धती वापरावी लागते व मग त्याच १,१२० बिटांत केवळ ७० चिन्हे मावतात. येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द लिहिताना डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. परंतु संगणकीय संकेतात तो ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशा दहा चिन्हांचा होतो. त्यास १६० बिट लागतात. तेच नाव रोमन लिपीत अकरा अक्षरांनी लिहिले, तर ७७ बिट पुरतात. मराठी निरोप देवनागरीत पाठविला, की तो दोन-तीन संदेशांत तुटे आणि तेवढ्या पटीने पैसे पडत. त्यात पुन्हा घेणाऱ्याच्या संचात देवनागरी नसेल, तर पडद्यावर नुसते चौकोन दिसत. तेव्हा मराठी माणसे रोमन अक्षरांत मराठी लिहू लागली, ती भाषेविषयीच्या अनास्थेने असे म्हणणे अन्यायाचे होईल. दर आणि संच या दोहोंनी त्यांना तिकडे ढकलले. सवय मात्र पुढे दर उतरल्यावरही टिकून राहिली.

यावरचा उपाय तंत्रदृष्ट्या अवघड नव्हता. ७ बिटांचाच तक्ता ठेवावयाचा, पण संदेशाच्या आरंभी एक खूण घालून ‘हा तक्ता रोमन नसून अमुक लिपीचा आहे’ असे सांगावयाचे. भ्रमणध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकात पुढे असे तक्ते समाविष्ट झाले व त्यांत बंगाली, गुजराती, तमिळ इत्यादींबरोबर देवनागरीचा तक्ता हिंदीच्या नावाने आला. त्यामुळे एका संदेशात सुमारे १५० चिन्हे मावणे शक्य झाले. परंतु जुन्या संचांना ही खूण उमगत नसल्याने व तोवर लोकांचे लक्ष अन्य साधनांकडे वळल्याने तिचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही.

लिपीच्या संकेतांचे मूळ काम मात्र भारतात वेळेवर झाले होते. भारतीय लिपींसाठी एकसूत्री संकेत ठरविण्याचे कार्य कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत सुरू होऊन पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) विकसित झाले. त्याच्या १९८८ च्या मसुद्यावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. म्हणजे भारतात भ्रमणध्वनी येण्यापूर्वीच देवनागरीला आंतरराष्ट्रीय संकेत मिळाला होता. अभाव होता तो संचात अक्षरठसे व जोडाक्षरे जुळविणारी आज्ञावली घालण्याच्या इच्छेचा. ज्या संचांत देवनागरी आली तीही प्रारंभी हिंदीपुरती. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. यांतील दुसऱ्यातला अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून अनेक संचांना तो नीट काढता येत नसे. पहिल्याने गुरुजनांना वंदन होते, दुसऱ्याने स्वयंपाक्यांना.

यातून वाट निघाली ती पुन्हा द्वार-संगणकाच्याच कल्पनेतून. नॉर्वेतील ऑपेरा या कंपनीने २००६ च्या आरंभी ऑपेरा मिनी ही आज्ञावली जगभर उपलब्ध केली. तीत पृष्ठ प्रथम कंपनीच्या संगणकावर उतरते, तेथे आवळले जाते व मग संचाकडे जाते. ज्या संचांत देवनागरी नव्हती त्यांच्यासाठी हा संगणक मजकुराची बिंदुचित्रे करून पाठवू शकत असे. संचाच्या दृष्टीने ते अक्षर नव्हते, चित्र होते. वाचकाला मात्र मराठी वाचता येत होते. स्वस्त संच असलेल्या वाचकांना भ्रमणध्वनीवर मराठी वाचण्याची सोय या आडमार्गाने झाली. भारतीय मानक संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रत्येक संचावर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, अशी अपेक्षा नमूद केली. केंद्र शासनाने नंतर ते बंधनकारक केले.

वारणेचा प्रयोग : ग्रामीण महाराष्ट्रातील एका प्रयोगाचा येथे उल्लेख केला पाहिजे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये संगणकजोडणीची योजना सुरू झाली. गावोगावच्या केंद्रांतील संगणकावर ऊस उत्पादकास आपल्या उसाचे वजन, खतांचा हिशेब इत्यादी माहिती मिळत असे. कल्पना चांगली होती. पण संगणकांची देखभाल, वीज आणि दूरध्वनीच्या तारा यांवर खर्च सतत होत राहिला. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने येथे एक साधा पर्याय करून पाहिला. कारखान्यातील संगणकाला एक भ्रमणध्वनी जोडला व गावातून ठराविक सांकेतिक लघुसंदेश आला, की नोंदवहीतील आकडे लघुसंदेशानेच परत जातील अशी व्यवस्था केली. सात गावांत आठ महिने चाललेल्या या चाचणीत हे काम संगणकापेक्षा पुष्कळच स्वस्तात होते, असे आढळले. शेतकऱ्याला हवे होते ते चार आकडे. त्यासाठी पूर्ण आंतरजाल लागत नव्हते.

ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बाजारभाव, हवामान व पीकसल्ला मराठी लघुसंदेशाने देणारी सशुल्क सेवा महाराष्ट्रात सुरू केली. तिचा शेतकऱ्यास मिळणाऱ्या भावावर काय परिणाम झाला, याची पाहणी मार्सेल फाफशां व बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील शंभर गावांत केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सरासरी भावात लक्षणीय फरक पडला नव्हता. भाव कळणे आणि त्या भावाने विकता येणे यांत वाहतूक, अडत व उचल यांचे अंतर असते. ते कोणत्याही संहितेच्या कक्षेत येत नाही.

खंडवहनाकडे : २००१–०२ च्या सुमारास मुंबईसारख्या शहरांत जी. पी. आर. एस. ही पद्धती आली. तीत रेडिओ मार्गिकेचे भाग कोणाएकासाठी राखून न ठेवता ज्याच्याकडे त्या क्षणी खंड असेल त्यास दिले जातात. तात्त्विक कमाल वेग सेकंदास १७१·२ किलोबिट असला, तरी प्रत्यक्षात तो ३० ते ४० किलोबिट मिळे. याहून महत्त्वाचे म्हणजे आकारणी मिनिटांऐवजी माहितीच्या परिमाणावर होऊ लागली. वॅप खऱ्या अर्थाने वापरात आला तो यानंतर. चित्रसंदेश हे त्याचे उदाहरण होय : ‘तुमच्यासाठी चित्र आले आहे’ एवढी वर्दी लघुसंदेशाने येते व प्रत्यक्ष चित्र संच जी. पी. आर. एस. वरून स्वतः आणतो. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम या कंपनीने नवी मुंबईतील कोपरखैरणे येथील केंद्रातून सी. डी. एम. ए. या निराळ्या पद्धतीची सेवा देशभर सुरू केली. तिच्या स्वस्त दरांनी भ्रमणध्वनी मध्यमवर्गाच्या खाली उतरला. पुढे एकूण बाजार जी. एस. एम. व तिच्या उत्तराधिकारी पद्धतींकडे झुकला आणि २०१७ अखेर या कंपनीची भ्रमणध्वनी सेवा बंद झाली.

गुप्तता व पैशांचे व्यवहार : वॅपच्या पहिल्या आवृत्तीत एक दोष होता. संचापासून द्वारापर्यंत मजकूर एका कूटलिपीत व द्वारापासून पुढे दुसऱ्या कूटलिपीत जाई. या बदलाच्या क्षणी तो द्वार-संगणकाच्या स्मृतीत उघडा असे. वर्तमानपत्राच्या मथळ्यांना यामुळे काही धोका नव्हता. बँकेच्या परवलीच्या शब्दाला होता. २००१–०२ मधील दुसऱ्या आवृत्तीने आंतरजालाच्या मूळ संहिताच स्वीकारून संचापासून बँकेपर्यंत एकच कूटलेखन शक्य केले आणि द्वाराची अपरिहार्यता संपविली. जून २००२ मध्ये वॅप फोरम ही संस्था ओपन मोबाइल अलायन्स या व्यापक संघटनेत विलीन झाली. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ मध्ये भ्रमणध्वनीवरील बँकव्यवहारांचे नियम केले, त्यांत टोकापासून टोकापर्यंत कूटलेखनाचा आग्रह होता व दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत हस्तांतरणाची मर्यादा होती. डिसेंबर २००९ मध्ये १,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना कूटलेखनाच्या अटीतून सूट देण्यात आली, कारण साध्या संचांना ती अट पाळणे शक्य नव्हते. गरिबांच्या व्यवहारास कमी संरक्षण, असा याचा अर्थ होऊ शकतो. परंतु अट कायम ठेवली असती, तर त्यांना व्यवहारच करता आला नसता. या पेचातून नियामकाने काढलेला मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

वेगवान जाले व वीज : तिसऱ्या पिढीची सेवा महानगर टेलिफोन निगमने मुंबईत २००९ मध्ये आणली, खाजगी कंपन्यांसाठी कंप्रतापट्ट्यांचा लिलाव एप्रिल–मे २०१० मध्ये झाला. दरम्यान २००७–०८ मध्ये मोठ्या स्पर्शपडद्याचे व पूर्ण जालपृष्ठ दाखवू शकणारे संच आल्याने वॅपच्या पत्त्यांची गरज संपली. चौथ्या पिढीत आवाजही खंडांच्या रूपाने जाऊ लागला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या जिओ कंपनीने केवळ याच पद्धतीवर देशव्यापी सेवा सुरू केली आणि माहितीचे दर कोसळले. पाचव्या पिढीची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेल कंपनीने प्रथम ज्या आठ शहरांत सुरू केली त्यांत मुंबईबरोबर नागपूरही होते. पहिल्या पिढ्यांत मागून येणारे नागपूर येथे पहिल्या रांगेत आले.

मनोरे विजेवर चालतात, ही साधी गोष्ट अशा इतिहासांत बहुधा राहून जाते. कोराडीचे औष्णिक विद्युत् केंद्र १९७४ पासून वीज निर्माण करीत आले आहे. तेथील ६६० मेगॅवॉटचे तीन नवे संच २०१५ ते २०१७ या काळात कार्यान्वित झाले. तरीही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातील ग्रामीण भागाला दिवसाचे अनेक तास अंधारात काढावे लागले. त्या काळी मनोरा चालू राही तो विद्युत् घटमाला व डीझेल जनित्रावर. डीझेल संपले, की गावाचा संपर्क तुटे. जानेवारी २०१२ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने २०१५ पर्यंत ग्रामीण मनोऱ्यांपैकी निम्मे सौर वा तत्सम संमिश्र ऊर्जेवर चालविण्याचा आदेश काढला.

वॅपच्या कल्पना मात्र त्याच्याबरोबर नाहीशा झाल्या नाहीत. २०१५ मधील आंतरजालाच्या नव्या पृष्ठवहन संहितेत (एच. टी. टी. पी. ची दुसरी आवृत्ती) मोठ्या शब्दखुणांऐवजी आटोपशीर अंकीय संकेत आले. २०२१ मध्ये मानक ठरलेली क्विक ही संहिता टी. सी. पी. सोडून साध्या खंडवहनावर उभी आहे व संचाचा पत्ता बदलला तरी सत्र तुटू देत नाही. १९९८ च्या संहितेत या दोन्ही गोष्टी होत्या.

आंतरजाल नसलेल्या संचांसाठी अद्याप नियंत्रण-मार्गिकेचाच आधार आहे. राष्ट्रीय देयक निगम या मुंबईस्थित संस्थेची ‘*९९#’ ही बँकसेवा त्या मार्गिकेवरून चालते. तीत संच व बँक यांच्यात ओळीने प्रश्नोत्तरे होतात. तिची यादी मराठीतही उपलब्ध करण्यात आली आहे. एका वेळच्या मजकुरासाठी तीत १६० बाइट असतात : रोमन लिपीत १८२ अक्षरे, देवनागरीत ८० चिन्हे.